उजवा रकाना

ऑफिसात ज्यांना ‘भिंतसाहेब’ म्हणत, त्यांना ते नाव मनापासून आवडायचं. खरा हुद्दा परवाना-तपासनीस. दुसऱ्याच्या मालकीचा प्रोग्राम आपल्या कंपनीत कुणी फुकट वापरत नाही ना, हे बघणं त्यांचं काम. आणि एकतीस वर्षांत त्यांना असं एकही टेबल सापडलं नव्हतं, जिथं कुणी वापरत नव्हतं. त्यामुळे माणसांविषयीचं त्यांचं मत लवकर ठरलं आणि पुढे बदलायची वेळ आली नाही. जगात दोनच प्रकारची माणसं: परवाना न वाचता ‘मान्य’वर बोट दाबणारी, आणि ‘मी वाचला होता’ असं खोटं सांगणारी. तिसऱ्या प्रकारात ते स्वतः होते. एकटेच. एकतीस वर्षांत आपण एकाही खोट्या कागदावर सही केली नाही, ही गोष्ट ते कुणी न विचारता सांगत.

कंपनी शहरांना पाणी चढवणाऱ्या पंपांची यंत्रं विकायची. त्या यंत्रांच्या पोटात एक म्हातारी ऑपरेटिंग सिस्टीम होती, त्रेचाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली. ती बिनतक्रार चालत होती, आणि चालत्या गोष्टीला हात लावू नये एवढी अक्कल कंपनीत अपघाताने शिल्लक होती. पण नवे पंप आले आणि सिस्टीम बदलणं भाग पडलं. बदलायची तर मालकाची परवानगी हवी. मालक कोण?

या दोन शब्दांवर भिंतसाहेबांचे चौदा महिने गेले. सिस्टीम लिहून घेणारी मूळ कंपनी बुडाली होती. तिला जिने विकत घेतलं तिचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तुकडे शपथेवर सांगत होते की हक्क दुसऱ्याकडे गेले. एक तुकडा आता गाद्या विकत होता. त्यांच्या वकिलाने कळवलं, ‘हक्क आमच्याकडे आहेत किंवा कसे हे आम्हास ज्ञात नाही, मात्र आपण वापर केल्यास दावा लावण्यात येईल.’ मूळ परवान्याचं एकच पान उरलं होतं. त्यावर लिहिलं होतं: वापरा, पण बदलू नका, उतरवून घेऊ नका, कुणाला दाखवू नका. खाली लेखकाने हक्क सोडल्याच्या सहीसाठी एक रेघ होती. रेघेवर काही नव्हतं. नावही कुठे नव्हतं.

अशा वेळी सगळं जग जे करतं तेच करायचं ठरलं. मूळ मजकूर न बघता, त्याच कामाची सिस्टीम नव्याने लिहायची. दुसऱ्याची कल्पना उचलली तर कायद्याला चालतं; शब्द उचलले तर चालत नाही. म्हणून एकाच मजल्यावर दोन टोकांना दोन खोल्या घेतल्या. एका खोलीत मूळ मजकूर वाचणारं माणूस बसणार. ते फक्त एवढंच लिहून देणार, की यंत्र काय करतं. कसं करतं ते नाही. दुसऱ्या खोलीत लिहिणारं माणूस, ज्याने मूळ मजकूर जन्मात पाहिलेला नाही. ऑफिसने या खोल्यांना लगेच ‘ओवळी’ आणि ‘सोवळी’ अशी नावं ठेवली. मधल्या लांब व्हरांड्यातून कागद घेऊन जाणारं, त्यातलं जास्तीचं खोडणारं आणि शिक्का मारणारं माणूस म्हणजे भिंत.

ओवळ्या खोलीत चष्मेवाल्या बाई बसत. निवृत्तीला दीड वर्ष उरलेल्या, अबोल. त्यांच्यापुढे सरकारी अभिलेखागारातून लाखेच्या सीलसकट आलेला गठ्ठा असायचा: हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, कडेला भोकं असलेले लांबलचक कागद, टाचण्यांचा गंज अक्षरांपर्यंत उतरलेला. ठेवल्या दिवसापासून तो कुणी उघडला नव्हता, असा दाखला सोबत होता. कागदाच्या डाव्या बाजूला यंत्राला दिलेल्या सूचना. उजव्या रकान्यात लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेल्या टिपा. टिपा यंत्र वाचत नाही. त्या म्हणजे निव्वळ लेखकाचे शब्द, म्हणून त्या कुणीच वाचायच्या नाहीत, असा भिंतसाहेबांचा नियम होता. बाई उजव्या रकान्यावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवून वाचायच्या. पट्टीवर भिंतसाहेबांनी स्वतःच्या हाताने ‘उचलू नये’ असं लिहिलं होतं.

राहिला प्रश्न सोवळ्या माणसाचा. ‘या व्यक्तीने मूळ मजकूर कधीही पाहिलेला नाही’ असं प्रतिज्ञापत्र भिंतसाहेबांनाच करायचं होतं. उमेदवार अठरा आले. भिंतसाहेबांनी अठराही नाकारले. परक्या माणसाचं अख्खं आयुष्य कुणी शपथेवर सांगायचं? त्यांना खात्री देता येईल असं आयुष्य एकच होतं. ते त्यांनी दुपट्यात असल्यापासून पाहिलं होतं. ते त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं होतं.

भाची अठ्ठावीस वर्षांची, प्रोग्राम लिहिण्यात हुशार, आणि भिंतसाहेबांच्या मते वात्रट. तिने पहिल्याच दिवशी खोलीची खिडकी उघडली. खाली गॅरेज होतं.

“मामा, फोन काढून घेतलात, इंटरनेट काढून घेतलंत. श्वास तरी घेऊ ना? का त्यालाही परवाना?”

“खिडकी फार उघडू नकोस. धूर येतो.”

“येऊ दे. तुमच्यापेक्षा बोलका आहे.”

ते हलक्या हाताने तीनदा दार वाजवून आत येत, वर्णनाचा कागद टेबलावर ठेवून निघत. भाची म्हणायची, मामा कोर्टाच्या नोटिशीसारखे येतात. बोलत नाहीत, नुसते बजावले जातात.

काम झपाट्याने चाललं. सिस्टीमच्या सतरा फायलींपैकी दहा झाल्यावर पहिली तुलना करायची, असं ठरलं होतं. एका मंगळवारी दुपारी, जेवण झाल्यावर, भिंतसाहेब ओवळ्या खोलीत दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून बसले. उजवीकडे पट्टी ठेवली, चष्मा पुसला, पहिली ओळ वाचली.

मग दुसरी वाचली.

चार वाजता बाई चहा घेऊन आल्या, तेव्हा ते तिसऱ्या फाईलवर होते आणि त्यांची लाल पेन्सिल अजून टेकली नव्हती. दोन्ही कागद एकच होते. कामाने एकसारखे असणं अपेक्षितच होतं. इथं शब्दाला शब्द, ओळीला ओळ होती. मूळ लेखकाने मोजणी करणाऱ्या आकड्याचं नाव ‘ढेकूण’ ठेवलं होतं, भाचीनेही ढेकूण. कुठलंही काम मध्येच थांबवून आपलं पुढे दामटणाऱ्या तुकड्याला मूळ लेखकाने नाव दिलं होतं ‘सासूबाई’. भाचीच्या कागदावरही सासूबाई होत्या, त्याच ओळीवर.

“बाई, हे नाव तुम्ही वर्णनात कुठे लिहिलं होतंत?”

“नाही हो. मला वाटलं, जुन्या लोकांचा विनोद.”

“मग तिला कुणी सांगितलं?”

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. “तुमच्याशिवाय त्या खोलीत जातं कोण?”

भिंतसाहेबांना राग आला नाही, समाधान वाटलं. चोरी म्हणजे त्यांच्या घरची गोष्ट. शब्द जुळले म्हणजे कुणीतरी पोचवले. पोचवले म्हणजे भोक आहे. भोक आहे म्हणजे सापडेल. त्यांनी बाईंची पर्स तपासली, व्हरांड्यातला झाडू मारणारा बदलला, भाचीच्या खोलीचं छत ठोकून पाहिलं. वर्णनाचे सगळे कागद पुन्हा वाचले. त्यात एकही शब्द जास्त नव्हता. जास्तीचे शब्द त्यांनीच खोडले होते. अभिलेखागारात जाऊन नोंदवही पाहिली. गठ्ठा जमा झाल्याची तारीख भाचीच्या जन्माच्या पंधरा वर्षं आधीची होती, आणि तिथल्या कारकुनाला भाचीएवढीच त्या गठ्ठ्याची माहिती होती.

मग त्यांनी सापळा लावला. एकतीस वर्षांत तो कधी फुकट गेला नव्हता. अकराव्या फाईलच्या वर्णनात बाईंनी लिहिलं होतं: टाकी भरली की पंप थांबवा. भिंतसाहेबांनी मध्ये आपल्या हाताने घातलं: टाकी भरली की सात मोजा, मग पंप थांबवा. सात हा आकडा त्यांना जिना उतरताना सुचला. त्याला काही अर्थ नव्हता. भाची मूळ मजकुरावरून लिहीत असेल तर तिच्या कागदावर सात येणार नाही. झालं. सापडली.

गुरुवारी तिचा कागद आला. त्यावर सात होते.

म्हणजे पोरगी वर्णनावरूनच लिहीत होती! भिंतसाहेबांना एवढं हलकं वाटलं, की आपण तिला इतके दिवस मनातल्या मनात चोर म्हणत होतो हे त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. ते ओवळ्या खोलीत गेले आणि केवळ फाईल बंद करायची म्हणून मूळ गठ्ठ्यातली अकरावी फाईल काढली.

तिथेही सात होते.

“बाई,” ते म्हणाले, “हे सात तुम्ही वर्णनात का घेतले नाहीत?”

“वेडगळ वाटले. टाकी भरल्यावर कुणी सात मोजत बसतं का? वाहून जाईल पाणी. लिहिणाऱ्याची चूक असेल म्हणून गाळले.” बाईंनी चष्मा सारखा केला. “राहायला हवे होते का?”

बाई घरी गेल्यावर साडेपाचच्या उन्हात ते तिथेच बसून राहिले. नंतर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं ‘उचलू नये’ वाचलं आणि पट्टी उचलली.

त्या काळच्या प्रिंटरला फक्त रोमन मोठी अक्षरं यायची. टिपा त्याच अक्षरांत होत्या, पण भाषा आपलीच. सातच्या ओळीपुढे लिहिलं होतं: मामांनी सात घातलेत. मामांना पंपातलं काय कळतं!

गंजलेल्या टाचणीने ‘कळतं’मधलं एक अक्षर खाल्लं होतं.

त्यांनी भाचीचा त्या दिवशीचा कागद शेजारी ठेवला. तिनेही रोमन अक्षरांतच टिपा लिहिल्या होत्या. तीच टीप होती, आणि अक्षर शाबूत होतं.

आपल्याला धडकी भरली आहे हे भिंतसाहेबांनी स्वतःला कळू दिलं नाही. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्या लोकांविषयी त्यांचं मत परवाना न वाचणाऱ्यांपेक्षाही वाईट होतं. ते बाराव्या फाईलकडे वळले. बाराव्याचं वर्णन अजून त्यांच्या कपाटात होतं. भाचीने ती सुरूच केली नव्हती. उजव्या रकान्यात तिसऱ्या पानावर होतं: मामांनी आज विचारलं, जेवलीस का. काहीतरी बिनसलंय.

हे वाचून ते चक्क हसले. असला प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता. कागद खोटा पाडायला आता काही करावं लागणार नव्हतं. नेहमीसारखं वागलं की पुरे.

शुक्रवारी एक वाजता ते बाराव्याचं वर्णन घेऊन गेले. सोमवारी छापील कागद आणायला गेले, तेव्हा भाची पाठमोरी बसून लिहीत होती. तिचा डबा टेबलाच्या कडेला तसाच होता, झाकण न उघडलेला. अडीच वाजले होते. ती बारीक झाली होती, कानामागचं हाड दिसत होतं.

“जेवलीस का गं?”

शब्द बाहेर पडले आणि त्यांना बाराव्याचं तिसरं पान आठवलं. भाची खुर्चीसकट वळली.

“मामा? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?” ती हसली, पुन्हा वळली आणि हसत हसतच एक ओळ टाईप केली. ती ओळ काय आहे ते त्यांनी बघितलं नाही.

कायदाप्रमुख सर्वांत वरच्या मजल्यावर बसत आणि प्रत्येक पत्राचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचत, म्हणून त्यांचा निर्णय लवकर व्हायचा. भिंतसाहेबांनी त्यांना सगळं सांगितलं. ऐकताना साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“म्हणजे लेखक सापडला म्हणा की!”

“कोण लेखक?”

“तुमची भाची. मूळ लेखक बेपत्ता, नाव नाही, सही नाही. आणि इकडे एक व्यक्ती काही न बघता तेच लिहिते, शब्दाला शब्द. आणखी काय पुरावा द्यायचा लेखकाने? हक्क सोडल्याचा कागद करा, तिची सही घ्या, विषय संपला. गादीवाले बसतील बोंबलत.”

“साहेब, ती तेव्हा जन्मली नव्हती.”

“फॉर्ममध्ये लेखकाचं वय कुठे विचारलंय?”

“पण हे कसं झालं, ते...”

“भिंतसाहेब,” कायदाप्रमुख मायेने म्हणाले, “कसं झालं हे आपण लिहीत नाही. काय झालं तेवढं लिहितो. तुमचाच नियम ना? तिला म्हणावं सगळ्या सतरा फायली पूर्ण कर. अर्धवट लेखक कोर्टात टिकत नाही.”

जिना उतरताना भिंतसाहेबांना वाटलं, आपल्याला आजवर माणसांविषयी जे वाटत होतं ते फारच सौम्य होतं.

बाई मोतीबिंदूच्या सुट्टीवर गेल्या होत्या. जाण्याआधी शेवटच्या फायलींची वर्णनं त्यांनी एकदमच करून दिली होती आणि ती शिक्क्यासह भाचीकडे पोचलीही होती. ओवळी खोली रिकामी होती. सतरा फायली, हे साहेबांनी म्हटल्यावर भिंतसाहेबांच्या लक्षात आलं, की शेवट आपण पाहिलाच नाही. त्यांनी गठ्ठा उलटा केला.

शेवटचे चाळीसेक कागद कोरे होते. कोरे म्हणजे कडेला ओळींचे आकडे छापलेले; आकड्यांपुढे काही नाही. ते उलट्या दिशेने पानं परतत मजकुरापर्यंत आले. सतरावी फाईल मध्येच तुटली होती. डावीकडची सूचना अर्धी होती. तिच्यापुढे उजव्या रकान्यात दोन टिपा होत्या.

दार लावून घेतलंय. आता कुणी येऊ नये.

त्याखाली: मामा दार वाज

पुढे काही नाही. शब्द पुरा करायला जागा होती. ओळ पुरी करायला जागा होती. पुढच्या चाळीस पानांना जागा होती.

प्रिंटर बंद पडला असेल. कागद अडकला असेल. त्यांनी स्वतःला अशी सात-आठ कारणं दिली आणि प्रत्येक कारण तपासलं, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना तेच दिसलं: कागद अडकला नव्हता. आकडे पुढे छापले गेले होते. चाळीस पानं प्रिंटर लिहिणाऱ्याची वाट बघत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुतार बोलावून सोवळ्या खोलीचं दार काढून टाकलं.

“हे काय मामा?”

“हवा खेळती राहील.”

“अहो, परवापर्यंत खिडकी बंद करायला सांगत होतात!”

“किती झाल्या?”

“चौदावी उरकतेय. का?”

“सावकाश कर. घाई कसली?”

“मामा,” ती जवळ आली, “तुम्ही एकदा डॉक्टरकडे जाऊन या. आईला सांगू का मी?”

संध्याकाळपर्यंत आगीच्या नियमांचा दाखला देत इमारतवाल्यांनी दार परत बसवलं. नवीन कडीसुद्धा लावून दिली.

भाची दोन दिवसाला एक फाईल लिहायची. भिंतसाहेबांनी सहा दिवस हात-पाय मारले. रजा घे म्हणाले. ती म्हणाली, सतरावी झाली की घेते. वर्णन परत दे म्हणाले. ती म्हणाली, वाचून पाठ झालंय, घ्या. कायदाप्रमुखांना म्हणाले काम थांबवा. साहेबांनी विचारलं, कारण लेखी देता का? आणि लेखी काय देणार? खरं लिहिलं असतं तर साहेबांनी त्याचा शेवटचा परिच्छेद वाचून तिला सहीसाठी एक दिवस आधी बोलावलं असतं.

ज्या दिवशी सोळावी फाईल संपली, त्या दिवशी दुपारी त्यांनी शिक्क्याच्या कागदावर स्वतःच्या हाताने प्रतिज्ञापत्र लिहिलं: ‘मूळ मजकूर मी स्वतः, नियम मोडून, वेळोवेळी माझ्या भाचीस दाखवला. तिचे लिखाण ही त्याची नक्कल आहे.’ खाली सही केली. एकतीस वर्षांतली पहिली.

खऱ्यावर ज्यांनी चकार शब्द काढला नव्हता, त्यांनी खोट्यावर तासाभरात कारवाई केली. कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. उलट सगळ्यांना बरं वाटलं. भिंतसुद्धा आपल्यातलीच निघाली. भाचीचा ओळखपत्राचा पट्टा तीन वाजता काढून घेतला. असल्या कामाला तिने पुन्हा कधी हात लावू नये, असं पत्र सव्वातीनला निघालं, आणि त्याच्या प्रती बाकीच्या कंपन्यांना गेल्या.

ती व्हरांड्यात उभी होती. डबा हातात.

“मी बघितलं होतं का मामा? एकदा तरी?”

“नाही.”

“मग?”

भिंतसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवावा असं वाटत होतं, आणि ते पटवायला त्यांच्याकडे एकही कागद नव्हता. “घरी जा पोरी,” ते म्हणाले. “आईजवळ राहा.”

“लोकांना चोर म्हणता म्हणता सवय लागलीये तुम्हाला,” ती म्हणाली. “घरातलं कुणी उरलं होतं, तेवढं उरकलंत.”

ती गेली. त्यांनी सोवळ्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली.

रविवारी दुपारी बहिणीचा फोन आला.

“दादा, जरा येतोस का? सकाळपासून खोलीत बसलीये ही. जेवायलाही आली नाही.”

“रडतेय का?”

“रडली असती तर बरं होतं. नुसती टकटक टकटक. म्हणते, सगळं डोक्यात तयार आहे, उतरवल्याशिवाय चैन पडायचं नाही. ऑफिसने हात बांधले तर बांधले, म्हणते, घरी कोण विचारतंय? काय ते सतरावं का काय राहिलंय तिचं.”

भिंतसाहेब खुर्चीतून उठले.

“तिच्या खोलीचं दार...” त्यांनी विचारलं.

“लावून घेतलंय ना! म्हणून तर तुला बोलावतेय. मी दमले हाका मारून. तू म्हणालास तर ऐकेल.”

जाऊ नये, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. मामा गेलाच नाही तर मामा वाजवणार नाही. ते खुर्चीत बसले. पाच मिनिटं बसले. मग त्यांना वाटलं, ती एकटी आत आहे, लिहिते आहे, आणि त्या ओळीपाशी पोचेल तेव्हा दाराबाहेर आपण नसू. आपण असलो तर निदान आपले हात आपल्या ताब्यात असतील.

बहिणीचं घर दुसऱ्या मजल्यावर. भिंतसाहेब जिना धावत चढले. बैठकीच्या खोलीत टेबलावर झाकून ठेवलेलं ताट होतं. ऊन फरशीवर पडलं होतं. आतल्या बंद दारामागून की-बोर्डचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबता.

“बघ,” बहीण म्हणाली. “ठोठाव जरा.”

“नको.”

“अरे, नको काय?”

“हळू बोल. आपण थांबू. होऊ दे तिचं. लिहून होऊ दे. मग ती आपण होऊन उघडेल.”

“दादा, घाम किती आलाय तुला!” तिने त्यांचे हात धरले. “आणि हात बघ, बर्फासारखे. बस इथं.”

ते बसले नाहीत. त्यांनी बहिणीचे हात घट्ट धरून ठेवले. दोघं दारापासून चार पावलांवर, समोरासमोर उभी होती. घरात तिसरं कुणी नव्हतं.

“असेच धरून ठेव,” ते पुटपुटले. “सोडू नकोस.”

“काय झालंय रे तुला?”

आत बोटं भरभर चालली होती.

दारावर टकटक झाली. तीनदा. हलक्या हाताने, कागद घेऊन येणारं माणूस वाजवतं तशी.

की-बोर्ड थांबला.

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. चारही हात तिथेच होते.